उभे राहिल्यावरचे प्रेशर

संध्याकाळच्या कल्याण फास्टने ठाणे सोडले की डोंबिवलीवाले उठू लागतात. चौथ्या सीटवर तासभर अर्धे टेकलेले, खिडकीशी डुलकी काढणारे, सगळ्यांना आधीच दाराकडे सरकावे लागते. फलाट दिसल्यावर उठणारा थेट कल्याणलाच उतरतो. या उठण्यात एखाद्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. दांडी धरलेला हात सैल पडतो, शेजारचे सावरतात आणि डब्यातले निदान दोन-दोन शब्दांत होते: ‘प्रेशर लो’ किंवा ‘शुगर डाऊन’. कुणाच्या तरी पिशवीतून गोळी-बिस्किट पुढे येते. दोन मिनिटांत माणूस सावरतो आणि बिस्किटाने काम केले असे सगळ्यांना वाटते.

पुष्कळदा कारण साधेच असते: उकाडा, उपास, दिवसभर कमी प्यालेले पाणी. साखर खरोखर उतरलेलीही असू शकते, त्यामुळे मधुमेह्यापुढे गोळी धरण्यात काही गैर नाही. पण दहा-पंधरा वर्षांचा जुना मधुमेह असलेल्या माणसाला उभे राहताच वारंवार अशी अंधारी येत असेल, तर आणखी एक शक्यता उरते. डब्यात तिचे नाव कुणी घेत नाही, दवाखान्यातही ते क्वचितच निघते. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा आणि सैल सोडण्याचा हुकूम देणारे बारीक मज्जातंतू मधुमेहाने निकामी केलेले असतात.

मराठी बोलीत ‘नस’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. पाठदुखीवाल्याची नस दबलेली असते आणि रक्त काढायला आलेल्या नर्सला नस सापडत नसते. पहिली नस म्हणजे मज्जातंतू, दुसरी रक्तवाहिनी. शरीरशास्त्रात या दोघी वेगळ्या, पण त्यांचा संसार एकत्रच चालतो. मोठ्या मज्जातंतूला पोसणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या त्याच्या आतून जातात, आणि धमन्यांच्या भिंतीवर मज्जातंतूंचे जाळे पसरलेले असते, जे धमनीचा व्यास कमी-जास्त करते. मधुमेह या घरात दोन्ही दारांनी शिरतो. त्याचा हा उपद्रव शुगरच्या रिपोर्टात किंवा साध्या ईसीजीत उघड दिसत नाही, तो मुद्दाम शोधावा लागतो.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. मानेतल्या धमनीत आणि हृदयालगतच्या महाधमनीत दाब जोखणारी टोके असतात. ती मेंदूच्या बुंध्याला खबर देतात. तिथून सिंपथेटिक, म्हणजे अनुकंपी, मज्जातंतूंमार्फत निरोप सुटतो, त्यांच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलिन हे रसायन झिरपते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचा वेग किंचित वाढतो. हे सगळे काही सेकंदांत उरकते, म्हणून निरोगी माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. या कामात पायांइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा पोटाचा असतो. आतडी, यकृत आणि प्लीहा यांच्या रक्तवाहिन्यांत शरीरातले जवळपास पाव रक्त साठलेले असते. त्यांना आवळणारा मज्जातंतू लुळा पडला की रक्त पोटातच रेंगाळते आणि डोके कोरडे पडते.

हे गणित उलगडण्याची सुरुवात एका सशाच्या कानापासून झाली. पॅरिसच्या क्लोद बर्नार याने १८४९ मध्ये सशाच्या मेंदूच्या बुंध्यात एका ठरावीक जागी सुई टोचली, तेव्हा सशाच्या लघवीत साखर उतरली. दोन वर्षांनी त्यानेच सशाच्या मानेतला सिंपथेटिक मज्जातंतू कापला. कान गार पडेल अशी त्याची अटकळ होती, झाले उलटेच. कान लाल झाला, हाताला ऊन लागू लागला. १८५२ मध्ये ब्राऊन-सेकार याने कापलेल्या टोकाला वीज दिली आणि कान पुन्हा फिका पडला. धमनीला ताणून धरणारा लगाम मज्जातंतूच्या हाती असतो हे त्यातून ठरले. साखर आणि हा लगाम, दोन्हींवर एकाच माणसाने हात ठेवला होता. पण साखरच तो लगाम कुरतडते हे ध्यानात यायला जवळपास शतक गेले. १९४५ मध्ये अमेरिकेतील वेन रंडल्स यांनी १२५ मधुमेही रुग्णांचा सविस्तर अभ्यास छापला आणि त्यात हातापायांच्या बधिरपणासोबत स्वायत्त, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, मज्जातंतूंच्या बिघाडाचीही नोंद केली.

कुरतडण्याचे काम चालते तरी कसे? स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागते, मज्जातंतूंना ती लागत नाही. रक्तात साखर चढली की त्यांच्यातही चढते. जास्तीच्या साखरेचे काही प्रमाणात सॉर्बिटॉल बनते आणि त्या उलाढालीत पेशीची गंजरोधक शिबंदी खर्ची पडते. साखर प्रथिनांना चिकटून त्यांना कडक करते. पेशीची ऊर्जाघरे, मायटोकाँड्रिया, भलत्याच वेगाने चालून स्वतःच्याच धुराने काळवंडतात. दुसऱ्या बाजूने मज्जातंतूला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि मज्जातंतूला प्राणवायू अपुरा पडतो. मग चक्र फिरू लागते: उपाशी मज्जातंतू रक्तवाहिनीला नीट हुकूम देत नाही, हुकुमाविना रक्तवाहिनी मज्जातंतूला वेळेवर रक्त पोचवत नाही.

आधी कोण बिघडते, यावर संशोधकांत अनेक दशके वाद आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मज्जातंतूंच्या तुकड्यांत जाड झालेल्या रक्तवाहिन्या सापडल्या, तेव्हा सगळा दोष रक्तपुरवठ्यावर गेला. नंतर सॉर्बिटॉलचा जमाना आला. त्याची निर्मिती रोखणाऱ्या औषधांवर मोठ्या आशा होत्या. बहुतेक औषधे चाचण्यांत टिकली नाहीत. एपालरेस्टॅट हे त्यांतले एक जपानमध्ये आणि भारतात विकले जाते, त्याचा फायदाही माफकच आहे. सध्याचा कल दोन्ही कारणे एकमेकांत विणलेली मानण्याकडे आहे.

बिघाडाचा क्रम मात्र बराचसा ठरलेला असतो. सर्वात लांब तंतू आधी जातात. पायाची बोटे हाताच्या बोटांआधी बधिर होतात ती याचमुळे. स्वायत्त मज्जातंतूंत सर्वात लांब पल्ल्याचा व्हेगस, जो हृदयाला सबुरीने चालवतो. तो ढिला पडला की बसल्या जागीही नाडी नव्वद-शंभरच्या घरात धावते आणि खोल श्वास घेतला तरी तिच्यात चढउतार होत नाही. निरोगी हृदय श्वासाबरोबर झुलते. मिनिटाला सहा संथ श्वास घ्यायला लावून ईसीजी काढला, तर श्वास घेताना आणि सोडतानाच्या ठोक्यांत मिनिटाला १५ किंवा जास्त फरक दिसायला हवा. तो १० च्या खाली गेला तर व्हेगस दुखावला आहे असे धरतात. प्राणायाम करणाऱ्याला जमेल इतकी ही सोपी तपासणी आहे. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक तंतूंची पाळी साधारणपणे नंतर येते, म्हणून उभे राहताच प्रेशर कोसळणे ही उशिराची खूण असते.

या तपासण्यांना शिस्त लावली ती स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डेव्हिड युइंग आणि बॅझिल क्लार्क यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी खाटेजवळ करता येतील अशा पाच चाचण्यांचा संच रूढ केला: खोल श्वास, नळीत जोराने फुंकणे, उठून उभे राहणे, उभे राहिल्यावरचे प्रेशर आणि मूठ आवळून धरणे. त्यांनी १९८० मध्ये छापलेला निष्कर्ष हादरवणारा होता. ज्या मधुमेह्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या त्यांतले ५६ टक्के पाच वर्षांत दगावले. आज उपचार सुधारले आहेत आणि हा आकडा तसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण या बिघाडाला ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देणे तेव्हापासून कठीण झाले.

या रुग्णांचा धोका फक्त पडण्याचा नसतो. हृदयाची वेदना वाहून नेणारे तंतूही याच जुडग्यात असतात. ते गेले की हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता घाम, दम किंवा अचानक आलेला थकवा एवढ्यावर तो निघून जातो. हर्नियासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर प्रेशर एकदम घसरू शकते. घसरलेल्या साखरेची खबर देणारे छातीतले धडधडणे आणि थरथर बोथट होतात. आणखी एक विचित्र विरोधाभास असा, की उभ्याने कोसळणारे प्रेशर आडवे झाल्यावर चढते. सकाळी दवाखान्यात खुर्चीत बसवून मोजले तर ते साधारण किंवा किंचित जास्त निघते, गोळी वाढवली जाते, आणि वाढलेली गोळी फलाटाच्या जिन्यावर भोवळ आणते. प्रोस्टेटसाठीची काही औषधे, लघवी वाढवणारी औषधे आणि पायांच्या जळजळीसाठी दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलीन यांचाही यात हातभार लागतो.

जेवणानंतरची भोवळ हे त्याच दुखण्याचे दुसरे रूप. भरपेट जेवणानंतर आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. एरवी बाकीच्या रक्तवाहिन्या आवळून तोल सांभाळला जातो, इथे तो सांभाळणारा जागेवर नसतो. रविवारच्या जेवणानंतर हात धुवायला उठलेले आजोबा बेसिनपाशीच बसकण मारतात, त्याचे खापर नेहमी श्रीखंडावर फुटते. इन्सुलिनसुद्धा अशा रुग्णांत उभ्याचे प्रेशर उतरवू शकते, हे लंडनमधील डॉक्टरांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. इंजेक्शननंतर आलेली भोवळ दरवेळी साखर उतरल्याचीच नसते. ग्लुकोमीटर आणि बीपीचे यंत्र दोन्ही लावल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

सर्वात फसवा अवयव मात्र पाय.

मधुमेह्याचा पाय म्हटले की थंड, काळवंडणारा, रक्त न पोचणारा पाय डोळ्यांपुढे येतो. तो असतोच. पण मज्जातंतू गेलेला पाय नेमका उलट दिसतो: ऊन, कोरडा, शिरा टचटचीत फुगलेल्या, घोट्याजवळची नाडी दणकट. बर्नारच्या सशाचा कानच तो. पायाच्या कातडीत धमनीतून शिरेत थेट उतरणाऱ्या आडवाटा असतात. एरवी मज्जातंतू त्या बंद ठेवतात. हुकूम थांबला की त्या सताड उघड्या पडतात आणि रक्त पेशींना शिवण्याआधीच परत फिरते. हायवेवर वाहनांची रांग आणि गल्लीत रिक्षा नाही, अशी ती अवस्था. शिवाय निरोगी कातडीला खरचटले की तिथल्या बारीक तंतूंमुळे आजूबाजूच्या रक्तवाहिन्या फुलतात, जखमेभोवती लाली येते आणि भरून येण्याचे काम सुरू होते. बधिर पायात ही लालीच नीट येत नाही. शांत असताना गरजेपेक्षा जास्त रक्त आणि जखम झाली की गरजेपुरतेही नाही, असा उफराटा कारभार.

गेल्या शतकात शल्यविशारद कमरेजवळचा सिंपथेटिक मज्जातंतू मुद्दाम कापत. विडी-सिगारेटने पायाच्या धमन्या बंद पडणाऱ्या बर्जर आजारात भारतातल्या कितीतरी रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. पायाची कातडी थोडी ऊबदार व्हावी हा हेतू. जुन्या मधुमेह्यांत तिचा उपयोग होत नसे, कारण ती शस्त्रक्रिया मधुमेहाने आधीच, सुरीशिवाय, उरकलेली असे.

हुकूम गेलेल्या धमनीचे पुढे काय होते, याचेही उत्तर मिळाले आहे. तिच्या मधल्या थरात चुना साठतो. १९८०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये मायकेल एडमंड्स आणि सहकाऱ्यांनी मधुमेही मज्जातंतूविकार आणि हा चुना यांची सांगड दाखवली; ज्यांचा सिंपथेटिक शस्त्रक्रियेने कापला होता त्यांच्या धमन्यांतही पुढे तो आढळला. यातून एक व्यावहारिक घोळ होतो. पायाचा रक्तपुरवठा जोखायला घोट्याचे आणि दंडाचे प्रेशर मोजून भागाकार करतात. ०.९ च्या खाली उत्तर आले तर पुरवठा कमी. पण चुन्याने पाइपासारखी कडक झालेली धमनी पट्ट्याने दबतच नाही, उत्तर १.३ किंवा १.४ च्या वर जाते आणि रिपोर्ट ‘उत्तम’ वाटतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचे प्रेशर मोजावे लागते, कारण बोटांच्या बारीक धमन्यांना चुना कमी धरतो.

मज्जातंतू गेलेल्या पायाच्या हाडांतही रक्ताचा ओघ वाढतो, आणि त्यातून हाडे ठिसूळ होतात असे मानले जाते. बधिर पायावर माणूस चालत राहतो, छोटी हाडे मोडतात, कमान खचते आणि तळवा होडीच्या तळासारखा फुगतो. याला शार्को पाय म्हणतात. शार्को यांनी १८६८ मध्ये तो उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांत वर्णिला होता. मधुमेहाशी त्याचे नाते १९३६ मध्ये जोडले गेले. सुजलेला, लाल, ऊन पण फारसा न दुखणारा पाय अनेकदा जंतुसंसर्ग किंवा मुरगळणे समजून सोडला जातो. अशा पायावर वजन टाकणे थांबवून प्लॅस्टर घालणे हा मुख्य उपचार, आणि तो पहिल्या काही आठवड्यांत झाला तरच आकार वाचतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत या दुखण्याला जगण्याची साथ मिळते. इथला चाकरमानी रोज दोन-अडीच तास गाडीत असतो, त्यातला बराच वेळ उभा, तोही असा की पाय हलवायला जागा नाही. पोटरीचे स्नायू हलले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. गर्दीत तो पंप बंद असतो. पाणी कमी प्यायचे, कारण वाटेत लघवीची सोय नाही. घाम आणणारे तंतूही स्वायत्तच असल्याने पाय कोरडे पडून टाचांना भेगा पडतात, आणि जेवताना मात्र चेहरा घामाने निथळतो. अंगारकीला टिटवाळ्याला चालत जाणारे, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी रांग लावणारे, पावसात तुंबलेल्या पाण्यातून घर गाठणारे, या सगळ्यांत असे काही पाय असतात ज्यांना चटका आणि खिळा कळत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कमरेएवढ्या पाण्यातून आणि रुळांवरून तासन्‌तास चालत आलेल्यांची आठवण या पट्ट्यात घरोघरी आहे. बधिरपणाची पहिली खूणही घरात सापडते: ‘चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही’, किंवा ‘कापसावर चालल्यासारखे वाटते’.

आकडे पाहिले तर प्रश्नाचा पसारा कळतो. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि शेजारच्या गोव्यात प्रौढांमधले प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, निघाले. महाराष्ट्रातले ८.४ टक्के हे प्रमाण त्याच प्रकल्पाच्या २०११ च्या टप्प्यातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपल्याकडचे मूल जन्मतःच बारीक दिसते, पण चरबीचा वाटा जास्त घेऊन येते. त्यांच्याच अभ्यासांत पुण्याजवळच्या गावांतील निम्म्याहून जास्त गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व मज्जातंतूंना लागते, शाकाहारात ते कमी मिळते आणि मधुमेहाची नेहमीची गोळी, मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतल्यावर ते आणखी उतरवते. म्हणून बधिर पायाचा दोष साखरेवर टाकण्याआधी बी-१२ तपासणे इथे जास्त गरजेचे. मात्र ते कमी नसताना सुया घेत राहिल्याने मेलेले तंतू परतत नाहीत.

टाळता काय येते? पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवण्याचा फायदा भक्कम आहे. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी-कॅनेडियन डीसीसीटी चाचणीत १,४४१ रुग्ण होते आणि काटेकोर गटात मज्जातंतूविकार ६० टक्क्यांनी घटला. त्यानंतर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली, तरी तेरा-चौदा वर्षांनी हृदयाच्या स्वायत्त तंतूंचा बिघाड काटेकोर गटात २९ आणि दुसऱ्यात ३५ टक्के निघाला; शरीराने जुनी साखर लक्षात ठेवली होती. दुसऱ्या प्रकारात निव्वळ साखरेने इतके साधत नाही. डेन्मार्कच्या स्टेनो-२ चाचणीत १६० रुग्णांची साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल, आहार आणि व्यायाम सगळे एकत्र धरले गेले. साधारण आठ वर्षांनी स्वायत्त बिघाडाचा धोका ६३ टक्क्यांनी कमी निघाला, पायांच्या बधिरपणात मात्र फरक पडला नाही. उलट घाईही अंगाशी येते: वर्षानुवर्षे चढलेली साखर तीन महिन्यांत झपाट्याने खाली आणली तर काही रुग्णांत मज्जातंतू भडकतात, पाय रात्ररात्र पेटतात आणि उभ्याचे प्रेशर घसरते.

बिघाड झाल्यावरचे उपाय बरेचसे घरगुती वळणाचे आहेत. अंथरुणातून उठताना आधी कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसायचे. उठण्यापूर्वी पोटऱ्या आवळायच्या, उभ्याने पायावर पाय घालून मांड्या घट्ट करायच्या. अर्धा लिटर पाणी भरभर प्यायल्यावर काही मिनिटांत प्रेशर वर येते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सरकवल्या तर रात्रीचे चढलेले प्रेशर आणि सकाळची भोवळ दोन्ही कमी होतात. पुरेसे न झाले तर डॉक्टर फ्लुड्रोकॉर्टिसोन किंवा मिडोड्रिन देतात. मिडोड्रिनचा शेवटचा डोस झोपण्याच्या चार तास आधी आटोपावा लागतो, नाहीतर आडव्याचे प्रेशर चढते. मीठ वाढवायचे की नाही हे मूत्रपिंड आणि हृदय पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

पायांसाठी भारताकडे स्वतःचा अनुभव आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करून जखमांचे मूळ दाबात असते हे दाखवले. त्या कामातून आलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेह्यांना दिली जाते. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला. त्यात डॉक्टर आणि नर्स यांच्या जोड्यांना पाय तपासायला, घट्टे तासायला आणि दाब उतरवायला शिकवले गेले. लागणारी हत्यारे स्वस्त: दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू, कंपनकाटा, सुरी.

कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा गल्लीतला खासगी दवाखाना, बीपीचे यंत्र सगळीकडे आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचे प्रेशर आणि साखर तपासायची असते, पण ते प्रेशर बसवून मोजलेले. उभ्याची तपासणी अशी: पाच मिनिटे आडवे, मोजणी, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी मोजणी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभ्याचे प्रेशर घसरते हे पक्के. तपासणीच्या टेबलावर फायली रचलेल्या असतील तर बसल्यावरून उभे करूनही चालते. तेव्हा १५ आणि ७ ची घसरण पुरेशी मानतात. अडचण वेळेची आहे, बाहेर बाकड्यावर वीस जण बसलेले असतात. उभे करून थांबायची तीन मिनिटे म्हणजे डोंबिवलीहून सुटलेली स्लो लोकल कोपरला पोचायला घेते, साधारण तेवढा वेळ.